थंडीच्या आधीचा उन्हाळा

हसनभाई,

तुम्हाला काही सांगायचं म्हणजे आधी पेटुनियाचं सांगावं लागणार, कारण तुम्ही पहिलं तेच विचारलं असतं. पेटुनिया चांगली आहे. कॉलनीच्या मेन गेटसमोरचा गोल वाफा पांढऱ्या-जांभळ्याने भरून गेलाय. डॉग फ्लॉवर गुडघ्याला लागतंय. शाळेच्या भिंतीकडची हॉलीहॉक अजून कळ्यांतच आहे, ती दरवर्षीच उशीर करते. तुमच्या जागी आलेला नवा फोरमन पाणी जास्त घालतो. मी त्याला दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगायची ताकद नाही. एसीवाल्याने माळीकाम शिकवू नये असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसतं, आणि तसं बघितलं तर त्याचं काही चुकत नाही.

दमलोय मी, हसनभाई. तुम्ही गेल्यापासून रडलो वगैरे नाही, नुसता दमलोय. शिडीच्या चौथ्या पायरीवर थांबावं लागतं. डाळ शिजवायचा कंटाळा येतो म्हणून खुबूस, इथली रोटी, चहात बुडवून खातो. साडेचारला काम सुटलं की पाय आपोआप नर्सरीकडे वळतात, आणि अर्ध्या वाटेत आठवतं की तिथे आता कोणी चहा टाकलेला नाही. मग परत फिरायचं. तीन आठवडे हे रोज चाललंय आणि पायांना अजून कळत नाही.

अनवरने फोन केला तेव्हा मी एका बंगल्याच्या गच्चीवर होतो. “काका, बाबा गेले,” एवढंच तुमचा मुलगा म्हणाला आणि मग त्याच्या मागचा माणसांचा आवाज येत राहिला. सकाळी वाडीत शिंपणं करून आलात, ओटीवर टेकलात, आणि तिथेच. असरच्या, दुपारच्या नमाजेनंतर माती झाली असं त्याने नंतर कळवलं. मला मातीला येता आलं नाही. इकडे सौदीतून, धाहरानहून श्रीवर्धनला पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढा तुमच्यात कोणी थांबत नाही, आणि थांबू नये हेच बरोबर. पण मूठभर माती टाकायची राहिली ती राहिलीच.

आणि दुसरीही एक गोष्ट राहिली. राहिली म्हणण्यापेक्षा मी ती ठेवली. गेल्या उन्हाळ्यात तुम्ही गावी असताना नर्सरीतल्या फ्रीजचा कॉम्प्रेसर जळला, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. तो जळला नव्हता. हे तुम्हाला तोंडावर सांगायला माझ्याकडे चार महिने होते आणि मी ते घालवले. आता सांगायला बसलोय, तर नीट पहिल्यापासूनच सांगतो. तुम्हाला ठाऊक असलेलंही मध्ये मध्ये येईल, तेवढं ऐकून घ्या.

आपली ओळख पाण्यावरून झाली. अकरा वर्षांपूर्वी मी तुमच्या नर्सरीच्या पोर्टा केबिनचा एसी बसवत होतो, आणि एसीतून निघणारं पाणी नळी लावून सरळ वाळूत सोडलं होतं. तुम्ही लांबून हिंदीत ओरडत आलात. मग नळीखाली बादली सरकवताना स्वतःशीच पुटपुटलात, “गोडं पाणी हाय, मातीत घालवतोय येडा.” गोडं पाणी असं म्हणणारा माणूस आपल्याच किनाऱ्यावरचा असणार. मी म्हटलं, येडा नाही, संगमेश्वरचा आहे. तुम्ही ओशाळलात पण बादली काही हलवली नाहीत. इथल्या नळाला खारटाण असतं आणि त्याने कोवळ्या रोपांची पानं कडेने करपतात, हे मला तेव्हा काय माहीत. त्या दिवसापासून माझ्या हातून बसलेल्या प्रत्येक एसीचं पाणी तुमच्या कॅनमध्ये गेलं. उन्हाळा उतरून एसी कमी चालायला लागले की तुम्ही आमच्या कॅम्पच्या फाटकापाशी, नर्सरीच्या कुंपणाला लागून असलेल्या पिण्याच्या पाण्याच्या कूलरचं सांडपाणी धरायचात. कूलरच्या मागे वाकायचं, भरलेला डबा काढायचा, रिकामा सरकवायचा. रोज सकाळी, फजरची नमाज झाली की.

इथला हंगाम उलटा. फुलं बघायची ती डिसेंबर ते मार्च, म्हणून माणूस जिथे उभा राहू शकत नाही अशा सप्टेंबरच्या उकाड्यात तुम्ही शेडनेटखाली ट्रे मांडायचात. पेटुनियाचं बी धुळीएवढं. ते वाळूत मिसळून तुम्ही चिमटीने पेरायचात, आणि तेवढा वेळ पंखा बंद. मी घामाने निथळत बसून तक्रार करायचो आणि तुम्ही म्हणायचात, बोलू पण नको, वाऱ्याने उडतं. प्रत्येक ट्रेत एक पट्टी. लबनची, म्हणजे इथल्या ताकाची, रिकामी डबी कात्रीने कापून केलेली, आणि त्यावर शिसपेन्सिलीने लिहिलेलं. मी चांगला मार्कर आणून दिला तर तो तुम्ही खिशाला लावून हिंडलात, पण पट्टीला पेन्सिलच. मार्कर उन्हात दोन महिन्यांत उडतो, शिसं उडत नाही म्हणालात. मी पैज लावून हरलो. पट्टीवर तुम्ही शेरा कधी मारला नाहीत. चांगलं आलं, वाईट आलं, कोणाच्या चुकीने गेलं, असलं काही नाही. काय पेरलं, केव्हा पेरलं, पाणी कोणी घातलं. झालेलं तेवढं लिहायचं.

मग मॅडमचं पाकीट आलं. बाराव्या गल्लीतल्या त्या इंग्रज मॅडम, ज्यांची बाग तुम्ही सात-आठ वर्षं सांभाळलीत. नवरा रिटायर झाल्यावर त्या मायदेशी गेल्या आणि वर्षभराने, जून महिन्यात, त्यांच्या अंगणातल्या फुलाचं बी आणि एक फोटो त्यांनी तुमच्या नावाने धाडला. चिठ्ठी चार ओळींची. मी ती वाचून दाखवली: हसन काहीही उगवू शकतो, असं लिहिलंय. झालं. त्या एका वाक्याने तुमचं डोकं फिरलं. फोटोमागे हेलेबोर असं नाव होतं. तुम्ही ते एकदा म्हणून बघितलंत, जमलं नाही म्हणून सोडलंत, आणि पुढे ते कायम ‘मॅडमचं फूल’ झालं.

फोटोत बर्फ होतं, हसनभाई. त्या बर्फानेच आपल्याला फसवलं. बर्फातून वर आलेली वाइनच्या रंगाची फुलं, सगळी माना खाली घालून उभी. आपण दोघं ते बघत बसलो आणि एकाच वेळी म्हणालो की ह्याला थंडी पाहिजे. इकडे जन्म काढलेल्या माणसांना दुसरं काय सुचणार. बाहेरून आलेली कुठलीही नाजूक वस्तू, मग ती इन्सुलिन असो, चॉकलेट असो की बायकोने बांधून दिलेला आंब्याचा रस असो, आपण आधी थंडीत ठेवतो आणि मग श्वास घेतो. उन्हाळा हा आपला दुश्मन. तो कोणाला हवाही असतो, हे आपल्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं.

थंडी म्हटली की ते माझं खातं. एका दुकानाने टाकून दिलेला काचेच्या दाराचा, कोल्ड्रिंकचा फ्रीज मी पिकअपमध्ये घालून आणला, गॅस भरला, चार डिग्रीला लावला. तुम्ही नर्सरीची बाकं रंगवत होतात, त्या हिरव्या रंगाचा एक फटकारा त्याच्या कॉम्प्रेसरवर पडला तेव्हा मी केवढा वैतागलो होतो. ओल्या कोकोपीटमध्ये, नारळाच्या भुशात, काळ्या बिया पेरून तुम्ही ट्रे आत ठेवलात आणि दार लावून असे उभे राहिलात की आता दुसऱ्या दिवशी फूलच येणार.

वर्षभर काही आलं नाही. दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज करून तुम्ही दार उघडायचात आणि मला हाक मारायचात. एकदा पांढरा कोंब दिसला म्हणून धावत आलो तर ती बुरशी होती. मी फार टिंगल केली तुमची. जे फूल बघायला जमिनीवर गुडघे टेकावे लागतात ते लावायचंच कशाला, असं मी विचारलं, तर तुम्ही म्हणालात की एसीखाली तू रोज लोळतोस, तुला गुडघ्यांचं काय जड जातंय. झेंडू बघा, मी म्हणायचो, छाती काढून उभा राहतो. तुम्हाला हे पटलं नाही. वर बघणारी फुलं रस्त्यासाठी असतात, खाली बघणारी घरच्यांसाठी, असलं काहीतरी तुमचं म्हणणं होतं. हा वाद आपला अर्धाच राहिला. मला अजूनही झेंडूच बरा वाटतो.

दुसऱ्या जूनमध्ये अनवरच्या लग्नासाठी तुम्ही तीन महिन्यांच्या सुट्टीवर निघालात. जायच्या दिवशी मला फ्रीजपाशी नेऊन माझं बोट त्या कोकोपीटमध्ये खुपसायला लावलंत, म्हणजे ओल किती ठेवायची ते कळावं. रोज नको, आठवड्याला एकदा, आणि उगाच दार उघडू नको. मी हो हो म्हणत हसत होतो.

जुलैत कूलर गेला. फाटकापाशी, त्या उन्हात, पन्नासेक माणसं कामावरून येऊन त्याच्या तोटीखाली बाटल्या धरायची, आणि आता तोटीतून टाकीतलं उकळतं पाणी यायला लागलं. कॉम्प्रेसर खलास झाला होता. ऑफिसात सांगितलं तर उत्तर आलं, बुकरा, उद्या. दुसऱ्या दिवशी पण बुकरा. चौथ्या दिवशी परांची बांधणारा एक बंगाली माणूस फाटकापाशीच बसला आणि उठेना, त्याला सावलीत नेऊन डोक्यावर ओली फडकी ठेवायला लागली. त्याच मापाचा, त्याच गॅसवर चालणारा कॉम्प्रेसर कुठे आहे हे सगळ्या कॅम्पात एकट्या मला ठाऊक होतं. मी पाना घेऊन तुमच्या फ्रीजपाशी बराच वेळ उभा राहिलो. मग ट्रे काढून पोर्टा केबिनमध्ये टेबलाखाली ठेवला, तिथला एसी पंचवीसवर असतो, आणि कॉम्प्रेसर काढला. संध्याकाळी कूलरला गार पाणी आलं.

ते काढलं त्याचं मला वाईट वाटत नाही. आजही काढीन. पण तुम्ही दर आठवड्याला गावाहून फोन करत होतात, लग्नाच्या गडबडीतून वेळ काढून, आणि विचारत होतात, ट्रे कसा आहे. मी म्हणत होतो, ठीक आहे. वर्षभर ज्या बियांची मी चेष्टा केली त्या माझ्याच हाताने मेल्या असं मला कबूल करायचं नव्हतं, हे एक. आणि दुसरं त्याहून वाईट. सांगितलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता, हे मला पक्कं ठाऊक होतं. तुम्ही इथे असता तर स्वतः पाना घेऊन आला असता. पण हो म्हणताना तुमचा आवाज जसा झाला असता, तो मला ऐकायचा नव्हता. त्यापेक्षा खोटं सोपं गेलं. ट्रेला पाणी मात्र मी घालत राहिलो, आठवड्याला एकदा, बोटाने चाचपून. कशासाठी ते मला सांगता येणार नाही.

सप्टेंबरमध्ये तुम्ही आलात. मिठाईचा डबा माझ्या हातात दिलात आणि सरळ फ्रीजकडे गेलात. मी म्हटलं, कॉम्प्रेसर जुलैतच जळला, व्होल्टेजचा घोळ. तुम्ही टेबलाखालचा ट्रे ओढलात, त्यात बोट घातलंत आणि तसेच उकिडवे बसून राहिलात.

“अडीच महिने उकाड्यात,” तुम्ही म्हणालात. “मेल्या असतील रे, दिगू. फोनवर सांगायचंस.”

आणि मी काय बोललो ते तुम्हालाही आठवत असेल. “मातीच आहे ती, हसनभाई. वर्षभर आपण मातीला पाणी घालतोय.”

खोटं बोलणाऱ्याला आवाज चढवावा लागतो, तसा माझा चढला होता. तुम्ही भांडला नाहीत. ट्रे परत टेबलाखाली सरकवलात, हात धुतलेत आणि पेटुनियाच्या कामाला लागलात. दुसऱ्या दिवसापासून साडेचारचा चहा बंद झाला. मीच यायचा थांबलो की तुम्ही टाकायचे थांबलात, ह्याचा हिशेब मी पुष्कळदा मांडून बघितला. बोलणं कामापुरतं राहिलं. पंप आवाज करतोय, बघून जा. बघितला, आता ठीक आहे. ऑक्टोबरमध्ये भंगारातून मला एक चालू कॉम्प्रेसर मिळाला, तो फ्रीजला बसवून मी ट्रे आत ठेवला आणि तुम्हाला तसं सांगितलं. तुम्ही म्हणालात, बरं. बघायला आला नाहीत. निदान मला तसं वाटलं.

पण दसऱ्याला झेंडू आला. इथे दसऱ्याला झेंडू कुठला असायला, पण माझ्या खोलीतल्या हत्यारांच्या पूजेसाठी तुम्ही दरवर्षी ऑगस्टमध्येच एक ट्रे पंख्यापाशी ठेवून वाढवायचात, आणि ह्या वेळी गावी असताना फोनवर नर्सरीतल्या माणसाला सांगून तो पेरून घेतला होतात. सकाळी माझ्या टूलबॉक्सवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली मूठभर फुलं होती. पाना, गेज, पाइप कटर, सगळ्यांना एकेक वाहिलं. त्या दिवशी यायला हवं होतं मी. फुलं घेऊन खोलीत बसलो.

डिसेंबरात तुमचा फायनल एक्झिट, कायमचं घरी जायचा शिक्का, लागला. विमानतळाची गाडी आली तेव्हा निरोपाला वीसेक माणसं उभी होती आणि मी सगळ्यांच्या मागे. तुम्ही सगळ्यांना गळामिठी देत देत माझ्यापर्यंत आलात. माझा हात धरलात, आणि कानाशी येऊन म्हणालात, “ट्रे टाकू नको. पाणी घालीत रव.” ज्या बिया तुम्ही स्वतः मेल्या म्हणालात त्यांच्याबद्दल. तेव्हा माझ्या तोंडात ते वाक्य तयार होतं, हसनभाई, अगदी ओठांवर. ड्रायव्हर यल्ला यल्ला, चला चला करत होता. मी म्हटलं, पोचल्यावर फोन करा. तुम्ही केलात, दोनदा. एकदा गुडघ्याचं बोललो आणि एकदा सुपारीचं. ते वाक्य दोन्ही वेळा मी पुढच्या फोनवर ढकललं.

तुमची माती होऊन आठ दिवस झाले होते. नव्या फोरमनला फ्रीज लबनच्या बाटल्या ठेवायला हवा होता, म्हणून त्याने मला तो रिकामा करायला सांगितलं. तुम्ही टाकू नको म्हणाला होतात, पण माणूसच गेला तर त्याचा शब्द कुठे ठेवायचा, अशा मनःस्थितीत मी दार उघडलं. ट्रे उचलला आणि उजेडात आणला. पाच होते. फिकट हिरवे, मान वाकवलेले, आणि एकाच्या डोक्यावर अजून काळ्या बीची टोपी. बुरशी नाही ना म्हणून मी चष्मा पुसून परत बघितलं. मग तिथेच फरशीवर बसलो. खिशातून फोन काढला, तुमचं नाव वरच होतं, आणि बोट त्याच्यावर नेल्यावर मला कळलं की मी काय करतोय. तेव्हा रडलो. वर रडलो नाही म्हटलं ते इतर दिवसांचं.

पूर्वाला, माझ्या मुलीला, फोटो पाठवला. ती दापोलीला शेतीचं शिकते हे तुम्हाला माहीत आहे, तिच्या ॲडमिशनला तुम्ही इथे जिलबी वाटली होतीत. तिने संध्याकाळी पुस्तकं बघून फोन केला. हे बी तिकडे उन्हाळ्याच्या सुरुवातीला झाडावरून पडतं, म्हणाली. मग दोन-तीन महिने ओल्या उबेत पडून राहतं. त्या उबेत आतला कोंब हळूहळू वाढतो, बाहेर काही दिसत नाही. त्यानंतर थंडी लागली तरच ते फुटतं. आधीचा उन्हाळाच मिळाला नाही तर नुसत्या थंडीत ते कितीही वर्षं तसंच पडून राहणार. मग तिने विचारलं, “बाबा, मध्ये उबेत ठेवायचं तुम्हाला कोणी सांगितलं?” मी म्हटलं, कोणी नाही. ती म्हणाली, म्हणजे तुमच्यामुळेच उगवलं की. मी नेटवर्कचं निमित्त करून फोन ठेवला.

असं सुटता येत नाही, हसनभाई. बिया उगवल्या हे बियांचं. मी तर त्या मेल्या असं धरूनच तुमच्याशी खोटं बोललो होतो, आणि वर तुमच्यावरच आवाज चढवला होता. उलट उगवल्यामुळे अंगावर जास्त आलंय. मेल्या असत्या तर गप्प बसून निभावलं असतं. आता पाच कोंब रोज माझ्याकडे बघतात, आणि ज्याने ते बघायचे होते तो नाही.

पूर्वा आणखीही बोलली. फूल यायला तीन वर्षं लागतील. धाहरानचा उन्हाळा बाहेर सोसणार नाही. विषारी असतं, हात धुवा. माझा इकामा, इथे राहायचा परवाना, चार महिन्यांत संपतोय आणि ऑफिसने विचारलंय की पुढे करायचा का. तुमच्यामागोमाग आपणही एक्झिट मारायचा असं माझं ठरलं होतं. गुडघे माझेही बोलायला लागलेत, घरी बायको वाट बघते. पण काल मी ऑफिसात जाऊन सांगितलं, एक वर्ष वाढवा. फूल मला बघायला मिळणार नाही हे दिसतंय. हा एक उन्हाळा तरी त्यांना पोर्टा केबिनमध्ये काढून द्यावा म्हणतो. पुढचं पुढे. बायकोला अजून सांगितलेलं नाही, आणि ह्या वेळी हे न सांगणं लांबवणार नाही, आज रात्रीच फोन करतो.

आता शेवटचं. ज्यासाठी हे लिहायला बसलो ते आज दुपारी झालं.

कोंबांना पहिलं खरं पान आलं म्हणून मी त्यांना वेगवेगळ्या पेल्यांत लावायला घेतलं. तुम्ही करायचात तसं, पानाला धरून, देठाला नाही. ट्रे रिकामा करताना तुमची लबनच्या डबीची पट्टी हातात आली. पुढच्या बाजूला मला माहीत असलेलंच होतं: मॅडमचं फूल, जून, फ्रीजमध्ये. धुवायला म्हणून नळाखाली धरली तर मागच्या बाजूला पण पेन्सिल दिसली. ती बाजू मातीकडे होती. तुमचं अक्षर, तेच मराठी शाळेतलं, शिरोरेघ आधी ओढून खाली टांगलेलं.

‘ऑक्टोबर. उन्हाळाभर बाहेर होत्या. फ्रीजचं मशीन कूलरला गेलं. माणसं गार पाणी प्यायली. दिगूने पाणी बरोबर घातलं.’

मी नळ बंद केला आणि कूलरकडे गेलो. त्याच्या मागे वाकलो, जसे तुम्ही रोज सकाळी डबा काढायला वाकायचात. कॉम्प्रेसरवर हिरव्या रंगाचा फटकारा आहे. डोळ्यांच्या समोर, वीतभर अंतरावर. गावाहून आल्यावर पहिल्यांदा तुम्ही डबा काढायला वाकला असाल त्याच क्षणी तुम्हाला कळलं असेल. म्हणजे दसऱ्याची फुलं तुम्ही सगळं माहीत असताना ठेवलीत. गाडीपाशी माझा हात धरलात तेव्हाही माहीत होतं. तुम्ही वाट बघत होतात, मी सांगेन म्हणून, आणि गाडी सुटेपर्यंत बघितलीत.

रागावला असता तर बरं झालं असतं हो. शेरा मारायचा होतात एकदा तरी.

पट्टीवर खाली बोटभर जागा उरली होती. टूलबॉक्समधली पेन्सिल काढली, टोक केलं आणि तुमच्या ओळींखाली लिहिलं: ‘जानेवारी. पाच उगवली. मशीन मी काढलं होतं, हसनभाईंना सांगितलं नाही.’ अक्षर काही तुमच्यासारखं आलं नाही. मग पट्टी पहिल्या पेल्यात खोचली, ती बाजू बाहेर ठेवून.